हायपोक्लोराइटच्या बातमीची शेवटची ओळ

कोरोनात आमच्या अमरावतीच्या दैनिकात हायपोक्लोराइट या जंतुनाशकावर बातमी लिहायची होती. मी आणि मूळ अकोल्याचा दुसरा उपसंपादक असे भांडलो, की आवाजानं परतवाड्याच्या एसट्या थांबल्या असतील.

"फरशीसाठीच आहे, अंगावर मारू नका, हे आधी लिही," मी म्हणालो.

"काहून लोकायले भेव दाखवून राहिला बे? उपयोग वर, धोका खाले!"

मी दमलो अन् मानलं. जागा कमी पडली की आमच्याकडे बातमी खालून कापतात, हे दोघांनाही पाठ होतं. जाहिरात आली, शेवटची ओळ गेली.

तिसऱ्या दिवशी त्याला घरून फोन आला. आमची बातमी वाचून वडिलांनी बाजारातून आल्यावर तोंडावर फवारा मारून घेतला होता. एक डोळा गेला.

खुलासा त्यानंच लिहिला. मी एक शब्दही बदलला नाही.