भिंतीवरचा दोर

सन दोन हजार तेवीस. मला तेव्हा बहात्तर सरून त्र्याहत्तरावं लागलं होतं. आधार कार्डावर वेगळं आहे, पण ते लिहिणारा काही माझ्या बारशाला आलेला नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या सोमवारीच तांबडा दोर निळ्या दोराच्या खाली गेला. पाऊसकाळ संपताना दोर वर असायला पाहिजे, तो खाली होता. मी टिंब दिलं, खिळा ठोकला, सूत मारलं आणि मागं वळून पाहिलं. विहिरीवर बायका होत्या. एकीनंही भिंतीकडं तोंड केलं नाही. एरवी घागर टेकवायच्या आधी विचारायच्या, "बाबा, दोर कुठं हाय?" त्या दिवशी कोणी विचारलं नाही, त्यावरून मी समजलो की सगळ्यांनी वाचलाय.

हा दोर काय, ते आधी सांगतो.

पाण्याचं काम करणारी एक बाई आमच्याकडं जीपनं यायची. तिनं एकदा शाळेत पडदा लावून आमच्याच विहिरीचं चित्र दाखवलं. डावीकडून उजवीकडं एक रेघ वर वर चढत गेलेली. ते पाहून बायकांनी टाळ्या वाजवल्या. "पाणी चढून राह्यलं!" एक गडी तर उठून म्हणाला, आता मी मोसंबी लावतोच. बाई घाबरली. म्हणाली, "नाही हो, ही खोली आहे. रेघ वर गेली म्हणजे पाणी खाली गेलं."

"मंग वर काऊन काढली?"

तेवढ्यात मागून आमची म्हातारी, म्हणजे बायको, बोलली, "अगं माय, दोर कधी वर लोंबतो का?"

सगळी शाळा हसली. बाईही हसली. तिनं मशीन बंद केली आणि मी समोरच बसलो होतो म्हणून मला विचारलं, "काका, तुम्ही कसं काढाल?"

बोलली आमची म्हातारी हे खरं, पण भिंतीवर मांडलं मी. हे ती अजून कबूल करत नाही.

मी गवंडी. शाळा तिसरीपर्यंत, तीही गुरं सांभाळून. पण बुद्धविहाराची विहिरीकडची भिंत माझ्या हातची आहे, जोत्यापासून वरपर्यंत. तिच्यावर मी वरच्या अंगाला एक आडवी काळी पट्टी ओढली, ते विहिरीचं तोंड. खाली दगडी जोतं, तो विहिरीचा तळ. विहिरीतला एक परस म्हणजे भिंतीवर एक वीत. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरी आम्ही तशाच मोजतो. दर सोमवारी ओळंब्याला सूत बांधून विहिरीत सोडायचं, पाण्याला लागला की गाठ मारायची आणि तेवढं त्या मापानं वरून खाली भिंतीवर मोजून मागच्या टिंबाच्या उजवीकडं टिंब द्यायचं. टिंबावर खिळा ठोकायचा, म्हणजे पावसानं रंग धुतला तरी जागा हलत नाही. मग गेरूत भिजवलेलं सूत ह्या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत ताणायचं आणि बोटानं उचलून सोडायचं. रेघ उमटते. मागच्या सालचं पाणी निळीनं, ह्या सालचं गेरूनं. बाई त्याला आलेख म्हणायची. गाव दोर म्हणायचं.

बाईकडून मी एक गोष्ट शिकलो, ती मी कोणाच्या बापाला विसरू दिली नाही. सोमवार चुकला तर जागा रिकामी सोडायची. मनानं टिंब द्यायचं नाही.

पुढं बाई मला जीपमध्ये घालून गावोगाव न्यायला लागली. केदारखेड्याला गेलो, जाफराबादकडच्या वस्त्यांवर गेलो, अंबडच्या अंगाला गेलो. पोरं चेष्टा करायची, "तिसरी पास मास्तर आले." मी म्हणायचो, "तू बारावी पास ना? मंग सांग, तुझ्या विहिरीत किती परस पाणी हाय?" तो विहिरीकडं बघायला लागायचा. मी कोणाला आधी खडू देत नसे. आधी विहीर, मग भिंत. बायका बराबर शिकायच्या, कारण पाणी ओढणाऱ्या त्याच. चार टिंबं दिली की मी विचारायचो, दोर काय म्हणतो? त्या सांगायच्या. माझं म्हणणं एवढंच होतं, की मी मेल्यावरही त्यांना सांगता आलं पाहिजे. झालंही तसंच. कुठं दुधाचा दोर निघाला, कुठं शाळेतल्या हजेरीचा. आमच्या गावात तर कोणी दुखण्यानं अंथरुणाला लागला की लोक हळूच म्हणायला लागले, त्याचा दोर खाली चाललाय.

अंबडकडच्या एका गावात पुढच्याच रांगेत एक बाई मिश्री लावत बसली होती. जिभेला धार. "बाबा," ती म्हणाली, "अन् कोणी रातून भिंतीला चुना फासला तं?"

मी म्हणालो, "मंग सगळ्यात जास्त भ्यायचं. चांगला दोर कोणी पुसत न्हाई."

सगळ्या हसल्या. "ध्यानात ठिवते," ती म्हणाली.

तर ते तेवीस साल. दिवाळीला दोर आणखी उतरला. निळ्यात आणि तांबड्यात आधी बोटभर अंतर होतं, ते हातभर झालं. वरच्या आळीतला एक बागाईतदार, जुन्या ओळखीचा, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "पुसून टाका ना, गवंडीबुवा. जेवण जाईना."

"पुसल्यानं पाणी येतं का?"

"येत न्हाई. पण ते खाली येऊन राह्यलंय ना, ते रोज बघावं लागतं."

त्यानं त्या साली गहू पेरला नाही. कोणीच पेरला नाही. दोर बघून सगळ्यांनी हरभऱ्यावर भागवलं, हे मला चांगलं वाटायला पाहिजे होतं. पण गाव बदललं होतं. बायका भिंतीला वळसा घालून पाण्याला यायला लागल्या. एका म्हातारीनं तर तोंडावर सांगितलं, "तू टिंब देतो अन् पाणी खाली जातं. एक सोमवार देऊ नको, बघू." पुढच्या सोमवारी मी दिलंच. ती बांधावर उभी राहून माझ्याकडं बघत होती, कोणी सरण रचताना बघावं तशी.

आता घरातलं. माझा नातू जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात आहे. पोरगा निर्व्यसनी, कमावता. वय तिशीच्या पुढं. तीन ठिकाणी जमत आलेलं मोडलं. माणसं चांगलं बोलायची, चहा घ्यायची आणि जाता जाता विचारायची, "उन्हाळ्यात पाण्याचं कसं?" मग फोन यायचा नाही. आमच्या सुनेनं त्या पोराचं लग्न एवढं धरून ठेवलं होतं, की कुठं हळद वाजली की ती घरात जाऊन बसायची. चौथं ठिकाण अंबडकडचं होतं. मुलगी नर्सिंग शिकलेली, पोरगा पोरीला पसंत. राहिलं होतं फक्त घर बघायला येणं. थंडी सरता सरता एक रविवार ठरला.

शुक्रवारी माझा मुलगा, म्हणजे नातवाचा बाप, माझ्यासमोर येऊन बसला. "आबा, एक सांगू? भिंतीला चुना मारू."

"कोणत्या?"

"तुम्हाला माहिती हाय कोणत्या. पाहुण्यांची जीप तिथंच थांबती."

"ती भिंत पुसायची न्हाई."

"पाहुणे गेल्यावर परत काढा ना! तुम्हाला कोण न्हाई म्हणून राह्यलं? दोन दिसाचा प्रश्न हाय."

"पोरगी दोन दिसासाठी येणार हाय का? तिला हितं पाणी भरायचंय."

"पोरगी आलीच न्हाई तं कोण भरल?" तो उठला. "गावाला शिकवलं तुम्ही. आता आमच्या घरात सून येत न्हाई. लय मोठे मास्तर!"

शनिवारी जाफराबादकडं एका नातेवाइकाच्या मातीला गेल्तो. दुपार कलती झाल्यावर परत आलो. एसटीतून उतरल्या उतरल्याच ओल्या चुन्याचा वास आला. विहाराच्या तीन भिंती जुन्या, पावसानं काळवंडलेल्या, आणि एकच भिंत पांढरीफट. जशी मयताच्या तोंडावर चादर ओढावी. कडंला बादली आणि भिंतीतले उपटलेले खिळे तसेच पडले होते. मी घरात गेलो आणि कोपऱ्यातली गेरूची पिशवी उचलली. सून चुलीपुढनं उठली आणि दारात हात जोडून उभी राहिली.

"मामा, उद्याचा एक दिवस जाऊ द्या."

ती माझ्याशी कधी वर मान करून बोललेली नाही. मी पिशवी खाली ठेवली. तिच्यासाठी ठेवली, मुलासाठी नाही.

रविवारी जीप आली. जयभीम झाला, पाणी झालं. पाहुण्यांना जारचं पाणी दिलं, ते मुलानं सकाळीच आणलं होतं. पोहे झाले. मुलीचा बाप साधा माणूस, घराच्या भिंतींवर हात फिरवून म्हणाला, बांधकाम पक्कं आहे. मी म्हणालो, माझं आहे. मुलगा हसला, सून हसली, सगळं जमत चाललं होतं. मुलीची मावशी तेवढी बोलत नव्हती. तिला मी दारातच ओळखलं होतं. पुढच्या रांगेतली, मिश्रीवाली.

पोहे झाल्यावर ती हात धुवायला म्हणून बाहेर गेली आणि आत आलीच नाही. मुलानं माझ्याकडं बघितलं. आम्ही बाहेर आलो. ती विहिरीवर नव्हती, भिंतीपुढं उभी होती.

"ह्या तीन भिंती काळ्या, अन् हीच पांढरी कशी?" तिनं वळून न बघताच विचारलं.

मुलगा म्हणाला, "विहाराचं काम काढलंय, मावशी. हळूहळू सगळ्या करणार."

"हां." तिनं चुन्यावर तळहात ठेवला. मग एक बोट फिरवायला लागली. बोट एका जागी थांबलं. तिथं खिळ्याचं भोक होतं. एका हाताच्या चुन्यानं ते बुजत नसतं. पुढं दुसरं भोक. पुढं तिसरं. वरची भोकं मागच्या सालची होती, ती तिनं सोडली. खालच्या ओळीला लागली. तिचं बोट एकेका सोमवारावरून खाली यायला लागलं. ती कमरेत वाकली, मग गुडघ्यावर आली, मग जमिनीवरच बसली. शेवटच्या भोकावर तिचं बोट थांबलं, तेव्हा खालची करंगळी जोत्याच्या दगडाला लागत होती.

"बाबा," ती म्हणाली, "पाऊस तं जूनला."

"व्हय."

"अन् हा दोर आताच हितं?"

"व्हय."

"तुम्हीच सांगितल्तं, चांगला दोर कोणी पुसत न्हाई. तुम्ही पुसला?"

माझा मुलगा मान खाली घालून उभा होता. सून पदर तोंडात धरून दारात होती. मी पुसला नाही, असं म्हटलं असतं तर खरं झालं असतं आणि मुलगा तिथंच उघडा पडला असता. पुसला म्हटलं असतं तर मी आजवर गावोगाव केलं ते सगळं पाण्यात गेलं असतं. मी म्हणालो, "पुसला आमच्या घरानं."

ती उठली, हाताचा चुना झटकला. "आमच्याकडंही दोर खालीच हाय. पाण्यापायी कोणी पोरी द्यायचं थांबलं तं अख्ख्या जिल्ह्यात लगीन व्हायचं न्हाई." मग मुलाकडं बघून म्हणाली, "पण झाकणाऱ्या घरात पोरगी द्यावी का, ते घरी जाऊन इचारावं लागल."

मुलीचा बाप जीपकडं निघाला. जीपमध्ये बसल्यावर मावशीनं काच खाली केली. "बाबा, भिंत काढा मोकळी. मंग बघू."

मंग बघू. होही नाही, नाहीही नाही. जीपचा धुरळा बसला तरी आम्ही तिथंच उभे. विहिरीवर कोणी बाई घागर सोडत होती. घागर खाली जाऊन पाण्यात बुडायचा आवाज येतो ना, तो आला नाही. खरवडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. उजाडताच मी ओळंबा घेऊन विहिरीवर गेलो. सूत सोडलं. ते जात राहिलं. टेकला तसा वर ओढला, तर ओळंब्याच्या टोकाला चिखल आणि त्यावर थोडी ओल. मी सुताला गाठ मारली आणि भिंतीपाशी आलो. खिळ्याची भोकं चाचपत एकेक जागा मोकळी केली. खिळे गेल्यावर सूत ताणायला दुसरं माणूस लागतं, म्हणून मी थांबलो होतो. सून आली. हातात गेरूची पिशवी होती. तिनं पिशवी माझ्यापुढं ठेवली, सुताचं एक टोक उचललं आणि विचारलं, "कुठं धरू, मामा?"

मी म्हणालो, "जोत्याला."