जजला निवडून कावून देत न्हाईत?

कोर्टातली प्रकरणं निकाली निघतात, फाइली रेकॉर्ड रूममध्ये जातात. किस्से मात्र कुठंच जात नाहीत, साचत राहतात. मी बीडला वकिली सुरू केली तेव्हा माझे सीनियर काझीसाहेब म्हणाले होते, की कायदा पुस्तकात सापडेल, पण लोकांना तो कसा दिसतो ते चहाच्या टपरीवरच कळेल. तेव्हापासून मी टपरीवर बसते आहे. सरकार म्हणजे नेमकं कोण, आमदार, साहेब की जज, याबद्दल जे ऐकलं-पाहिलं त्यातलं थोडं सांगते.

* * *

भानुदासराव गेवराईकडचे. बांधाची केस. एके दिवशी लई खुशीत आले आणि आमदारांच्या लेटरहेडवरची चिठ्ठी टेबलावर ठेवली. 'सदर इसम आमचे कार्यकर्ते असून निकाल त्यांच्या बाजूने द्यावा.' खाली सही, शिक्का.

काझीसाहेबांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि भानुदासरावांच्याच खिशात परत ठेवली. मग समजावलं, की आमदारांचं काम कायदा करायचं, जजचं काम निवाड्याचं. एकानं दुसऱ्याच्या वावरात नांगर घालायचा नाही. भानुदासरावांना पटेना. आमदाराला आपण मतं देतो, म्हणजे तोच मोठा.

"मग जजला निवडून कावून देत न्हाईत?" त्यांनी विचारलं.

"देऊ की," काझीसाहेब म्हणाले. "समोरच्याच्या भावकीत मतं किती हायेत?"

समोरच्याची भावकी म्हणजे निम्मं गाव. भानुदासरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी पुन्हा घातली.

"हाय तेच बरं हाय," ते म्हणाले.

पुढं निकाल लागला. बांध त्यांचाच निघाला, चिठ्ठीशिवाय.

* * *

पण सगळ्यांनाच आधी काझीसाहेब भेटत नाहीत. एक कडक इस्त्रीतला पक्षकार भर कोर्टात मोबाईल घेऊन थेट जजसाहेबांच्या टेबलापर्यंत गेला. जज म्हणजे एक तरुण बाई, नुकत्याच बदलून आलेल्या. हा म्हणतो, आमच्या नेत्यांना तुमच्याशी दोन शब्द बोलायचेत, फोन चालूच हाय.

आम्ही वकील मंडळी खाली मान घालून बसलो. आता काय होतंय?

बाईंनी आवाजही चढवला नाही. "त्यांची केस आज बोर्डावर आहे का?"

"न्हाई."

"मग त्यांचं म्हणणं आज ऐकता येणार नाही. पुढचं प्रकरण घ्या."

पट्टेवाल्यानं मोबाईल अलगद काढून घेतला. त्या दुपारी बार रूममध्ये आम्ही भजी मागवून आनंद साजरा केला. कशाबद्दल, ते बाईंना आजतागायत माहीत नाही.

* * *

याच बाई एकदा कायद्याच्या शिबिराला आल्या होत्या. एक आजी उठून म्हणाली, की आमच्या वस्तीत दारूची भट्टी हाय, तुमी दारूविरुद्ध एक कडक कायदा करून टाका. बाईंनी सांगितलं, की कायदा करणं माझ्या हातात नाही.

"मग तुमच्या हातात हाय तरी काय?"

"आहे तो कायदा पाळायला लावणं."

"तर मग तेवढं करा की," आजी म्हणाली आणि खाली बसली.

तिथंच आजीची तक्रार लिहून घेतली आणि पोलिसांकडं पाठवली. भट्टी उठली.

* * *

दुसरं एक शिबिर लिंबागणेशच्या पुढं एका गावात होतं. तिथं मी बोलत होते. कायदा करणारे वेगळे, राबवणारे वेगळे, निवाडा करणारे वेगळे. तिन्ही कामं एकाच्या हातात गेली की दाद मागायला जागा उरत नाही, असं सांगत होते.

मागून एक बाई म्हणाली, "आमच्या गावात तिन्ही एकच हायेत. ते काय, खुर्चीत बसलेत."

खुर्चीत सरपंचबाईंचे यजमान होते. स्वतः सरपंचबाई खाली सतरंजीवर, बायकांत. सगळं गाव हसलं. यजमान उठले आणि चपला शोधू लागले. सरपंचबाई पदर सावरत पुढं आल्या, खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "हं, बोला ताई. कुठवर आलतो आपण?"

* * *

आता शोभाताई. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात त्यांची पिठाची गिरणी. नवरा वारल्यावर त्याच गिरणीवर दोन पोरी शिकवल्या. गावच्या पुढाऱ्यांना, त्यांना आण्णा म्हणू, गावाच्या तोंडाशी स्वागत-कमान उभारायची होती, आणि कमानीचा एक खांब नेमका गिरणीत येत होता. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं असताना आण्णांनी ग्रामसभा भरवली, उरलेल्यांचे हात वर करवले आणि गिरणी पाडायचा ठराव झाला. जागा मात्र शोभाताईंच्या मालकीची. आम्ही कोर्टात गेलो, मनाई मिळवली.

तरी जेसीबी आला. शोभाताईंचा फोन आल्या आल्या मी गाडी काढली. पोचले तेव्हा बाहेर जेसीबी घरघरत होता आणि आत गिरणी. बायका डबे घेऊन हटून बसल्या होत्या. दारात शोभाताई, भुवयांपर्यंत पीठ.

मी कोर्टाचा हुकूम मोठ्यानं वाचला. जेसीबीवाले सलीमभाई मशीन बंद करून खाली उतरले आणि लिंबाखाली जाऊन बसले. आण्णा तापले. गावाचा ठराव मोठा का कोर्ट मोठं, म्हणत त्यांनी सगळ्यांदेखत आमदारांना फोन लावला. स्पीकरवर.

आमदारांनी सगळं ऐकून घेतलं. कोर्टाची मनाई आहे का, एवढंच विचारलं. आण्णा म्हणाले, हाय.

"मग आण्णा, माझ्या हातात काही नाही."

मला वाटलं, जिंकलो, संपलं. तेवढ्यात शोभाताई दारातून पुढं आल्या आणि फोनवर वाकल्या.

"हातात न्हाई कसं, साहेब? तुमी सभागृहात बसता. आण्णांच्या कमानीचा कायदा करा, रीतसर करा. तो झाला, की त्या कायद्याविरुद्ध मी पुन्यांदा कोर्टात जाते."

शोभाताई उत्तराची वाट न बघता आत वळल्या.

"बाजरी कुणाची हाय? आणा इकडं."