आचलच्या वहीतल्या एकोणीस ओळी

आमच्या संस्थेच्या जिन्यावर मनोज सरांनी एक फ्लेक्स लावलाय. त्यावर आचल वानखडेचा गणवेशातला फोटो आहे आणि खाली ठळक अक्षरांत 'आमची यशस्वी विद्यार्थिनी'. मी रोज त्या जिन्यानं वर जाते आणि रोज माझं डोकं फिरतं. आमची म्हणे! ती यशस्वी कशी झाली हे त्या फ्लेक्सवर लिहिलं, तर मनोज सरांना अमरावतीत तोंड लपवायला जागा उरणार नाही. मलाही फारशी उरणार नाही, म्हणून आपणहूनच सांगून टाकते.

मी कौशल्या. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होते. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून रुग्ण सहायकांच्या सहा महिन्यांच्या कोर्सला शिकवायला लागले. पाच महिने वर्गात आणि शेवटचा महिना एका खाजगी रुग्णालयाच्या वॉर्डात, असा तो कोर्स. पेशंटला स्पंज करणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं, भरवणं, नाडी मोजणं, हे सगळं पोरींनी वॉर्डात ठरलेल्या वेळा करायचं, नोंदवहीत लिहायचं आणि वॉर्डाच्या सिस्टरची सही घ्यायची. सगळे रकाने भरले तरच परीक्षेला बसता येतं आणि मग प्रमाणपत्र मिळतं.

नवीन तुकडी आली की मी एकेकीला विचारते, इकडे कशी आलीस? कुणी म्हणते नोकरीसाठी, अचलपूरची एक तर सरळ म्हणाली, "लग्नापावतर टाइमपास." आचल शेवटच्या बाकावरून उठली. तिवशाजवळच्या खेड्यातून एसटीनं यायची, वय तेवीस.

"माय मेली मॅडम, घास अडकून," ती म्हणाली.

तिच्या आईला, जाईबाईला, लकवा झाला होता. दोन वर्षं आचलनंच तिला भरवलं. एक दिवस आचल पेपरला गेली आणि शेजारची एक बाई मदतीला आली. बाई मनानं चांगली होती. तिनं जाईबाईला झोपवूनच खिचडी भरवली आणि घास श्वासनळीत गेला. "तिले येत नोयतं मॅडम, पन मले येते म्हनली," आचल म्हणाली. मी त्या दिवशी पुढचं काही नीट शिकवलं नाही.

भरवायचं कसं हे तिला मी शिकवावं असं काही उरलंच नव्हतं. पाठीमागे उशा लावून पेशंटला बसता करायचं, चमचा अर्धाच भरायचा, गळ्याची गाठ वर जाऊन खाली आली की मगच दुसरा घास. हे सगळं ती करायची तेव्हा मी बाकीच्या पोरींना म्हणायचे, माझ्याकडे नका पाहू, हिच्याकडे पाहा. अकोल्याच्या एका दवाखान्यात तिची मावशी कामाला होती. प्रमाणपत्र आण, उद्यापासून ये, असं तिथल्या मॅट्रननं सांगून ठेवलं होतं. तेवढा एक कागद हवा होता पोरीला.

वॉर्डाच्या पहिल्या दिवशी दामिनी सिस्टरनं हजेरी घेतली. वॉर्ड तिच्या ताब्यात होता. आता बाहेरच्या माणसाला सांगायला हवं की आमच्या वऱ्हाडात वानखडे हे आडनाव कुणब्यांत आहे, माळ्यांत आहे आणि बौद्धांतही आहे. म्हणून इथं वानखडे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, 'कोन्ते वानखडे?' दामिनी सिस्टरनं तेवढंही विचारलं नाही. पोरगी टापटीप, बोलायला नीट, म्हणून तिनं आपल्या मनानंच उत्तर धरलं. "माह्या मावशीचं सासर वानखड्याचंच हाये," म्हणाली, आणि आचलला सहा नंबरच्या पलंगावर भरवण्याचं काम दिलं.

सहा नंबरला खुशालराव होते. नांदगाव खंडेश्वरकडचे मोठे कास्तकार, भरपूर शेतीवाडी. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, उशाशी सून. सुनेच्या हातून ते दोन घासांवर खात नसत. आचलच्या हातून वाटीभर मुगाची खिचडी खायचे. ती वॉर्डात आली की डावा हात वर करायचे. सूनबाई खूश. आपल्या थर्मासातला चहा आचलला प्यायला लावायची, "माय, तू होती म्हनून बाबानं खाल्लं" म्हणायची. पाच दिवसांत आचलच्या वहीत भरवण्याच्या अकरा नोंदी झाल्या. तीस लागतात.

पाचव्या दिवशी तिचे वडील आले. देवराव, पोस्टमन होते, आता निवृत्त. पोरगी सकाळी डबा विसरली म्हणून एसटी धरून द्यायला आले. वॉर्डाच्या दारातून त्यांनी हाक मारली, "जय भीम, आचल!" तिनंही हातातला चमचा वाटीत ठेवून, हसून, "जय भीम, बाबा" म्हटलं. त्यांच्या घरी रोज म्हणतात तसं.

सूनबाई उभी राहिली. "काहून वो, तू त्याईच्यातली हाये?"

"हाव जी," आचल म्हणाली.

मी दोन पलंगांपलीकडे एका पोरीला चादर घालायला शिकवत होते. सूनबाई सासऱ्याच्या कानाशी वाकली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बाबा, पाच दिवस झाले, थे पोरगी तुमाले भरवून राहिली!" जसं काही त्यांच्या खिचडीत कुणी फवारणीचं औषध कालवलं होतं. देवराव दारात डबा धरून उभेच होते. आचलनं वाटी खाली ठेवली, जाऊन डबा घेतला आणि बापाला म्हणाली, "जा बाबा, गाडी चुकन."

दुसऱ्या दिवसापासून आचलला बेडपॅन. सकाळी बेडपॅन, दुपारी बेडपॅन, आणि मधे फरशीवर सांडलेलं पुसणं. त्याला कुणाचीच हरकत नव्हती, खुशालरावांच्या सुनेचीसुद्धा नाही. अंगाखालची घाण काढायला जो हात चालतो तो चमचा धरायला चालत नाही! आणि तो हात साबणानं कोपरापर्यंत धुतलेला असतो, मीच धुवायला शिकवलाय. मी तावातावानं दामिनी सिस्टरकडे गेले. ती म्हणाली, "मॅडम, मी कोठी पाळतो काई? पेशंटचे लोकं आयकत नाईत. उगाच तमाशा कायले?" हे वाक्य बत्तीस वर्षं मी ऐकत आले आहे. पाळत कुणीच नसतं. तरी कामं बरोबर वाटली जातात.

मग मी मनोज सरांकडे गेले. संस्था त्यांची. त्यांनी पंखा वाढवला, मला पाणी दिलं आणि म्हणाले, "वॉर्डातली पोस्टिंग तुटली तं बाकीच्या पोरी कोठी नेऊ? अन् मॅडम, तुमी काहून येवढा त्रास करून घेता? तुमी तं त्याईच्यातल्या नाई." तिथंच खुर्ची आपटून बाहेर यायला हवं होतं. मी पाणी प्यायले आणि आले. आज सांगतानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि त्यातला निम्मा माझ्यावरच.

महिना संपत आला. आचलच्या वहीत बेडपॅनच्या नोंदींना जागा पुरेना, आणि भरवण्याच्या रकान्यात अकराच. तेव्हा दामिनी सिस्टरला दया आली. ती म्हणाली, "आन वही. एकोनीस सह्या करून देतो. भरवलं म्हनून लिव." अशा सह्या सर्रास होतात. ज्या पोरींनी कधी थर्मामीटर हातात धरलं नाही त्यांच्या वहीत तापाच्या तीस नोंदी असतात. आणि मी, आचलची मॅडम, तिला बाजूला घेऊन म्हणाले, "घे पोरी सही. तुला भरवता येतं हे मला माहीत आहे. कागद घे आणि अकोल्याला जा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी जागा कळली. "मॅडम, जे भरवलं नाई थे भरवलं लिवू? असेच खोटे कागद घेऊन कोनी कोनाच्या मायपाशी जाते, अन् मले येते म्हनते."

"अगं, पण तुला खरंच येतं."

"येते तं येते. पन ह्या एकोनीस टाइमाले मले करू नाई देल्लं. थे कोन लिवीन?"

ते तिनंच लिहिलं. तीन आठवडे ती रोज जेवणाच्या वेळी सिस्टरसमोर जाऊन विचारायची, "कोनाले भरवू?" आणि रोज तिला बेडपॅनकडे पाठवायचे. ते सगळे दिवस तिच्या लक्षात होते. रिकाम्या एकोणीस ओळींत तिनं तारीख घातली, वेळ घातली आणि समोर तिच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'विचारले. करू दिले नाही.' एकोणीस वेळा. दामिनी सिस्टरनं सही नाकारली. वही माझ्याकडे आली, पानाखाली शिक्षिकेची सही लागते म्हणून. या वेळी मी पाणी पिऊन परत आले नाही. 'वरील नोंदी खऱ्या आहेत' असं लिहून सही ठोकली आणि माझा नोंदणी क्रमांक घातला. मनोज सर लालबुंद झाले, पान फाडा म्हणाले. मी म्हटलं, फाडा, मी दुसरं लिहिते. शेवटी ते पान तसंच परीक्षकापुढे गेलं.

परीक्षेला नागपूरहून एक परीक्षक आले. चष्मेवाले, शांत. त्यांनी ते पान वाचलं, पुन्हा वाचलं. "नियमानं हे अपूर्ण आहे," ते आचलला म्हणाले, "पण माझ्यासमोर आत्ता एका पेशंटला भरवून दाखवलं, तर मी धरीन." वॉर्डात त्या वेळी भरवण्याचा पेशंट एकच होता. सहा नंबर. खुशालरावांना मधे घरी नेलं होतं आणि पडून पडून पाठीला जखम झाल्यावर परत आणलं होतं.

सूनबाईनं तोंड उघडलं तसं परीक्षकांनी हात वर केला. "पेशंटला विचारू द्या."

आचल पलंगाजवळ गेली. मी शिकवलं होतं तसंच, आधी नाव सांगायचं, मग विचारायचं. "काका, मी आचल. खिचडी आनली. घास देऊ काय?"

खुशालरावांनी तिला ओळखलं. डोळ्यांत लगेच दिसलं. मला वाटलं, आता हा डावा हात वर करील. मग त्यांनी मान फिरवायला सुरुवात केली. लकव्याच्या माणसाला मान फिरवायला वेळ लागतो. हळूहळू, जोर लावून, त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. सुनेनं नव्हतं केलं ते. त्यांनी स्वतः केलं.

फिरवताना त्यांना त्यांच्याच लाळेचा ठसका लागला. आचलनं वाटी ठेवली, त्यांना सरळ केलं, उशी नीट लावली, तोंड पुसलं. तेवढं त्यांनी करू दिलं. मग तिनं वहीत लिहिलं, 'विचारले. पेशंटने नकार दिला.'

आणि परीक्षकांनी तिला पास केलं. संमती विचारली, नकार मानला, पेशंटची स्थिती सुधारली, नोंद केली, सगळं पुस्तकातल्यासारखं, पैकीच्या पैकी गुण. भला माणूस, त्याच्या हातात होतं ते त्यानं दिलं. दामिनी सिस्टरनं अभिनंदन केलं, मनोज सरांनी पेढे मागवले. माणसानं तोंडावर तोंड फिरवलं त्याचे गुण आणि त्याचे पेढे! मी पेढा घेतला नाही.

आचल बाहेर नळावर हात धूत होती. मी म्हटलं, "झालं पोरी, सुटलीस. आता अकोला."

"हाव," ती म्हणाली. नळ बंद केला नाही. "मॅडम, त्याईच्या उजव्या गालात सकायचा घास हाये. तोंड पुसतानी दिसला. त्याले समजत नाई तिकडलं. निजला तं नळीत जाईन. मी काढला असता, पन नाई म्हनला ना थो. तुमी सांगा कोनाले तरी."

मी आत गेले. हातमोजा चढवला. खुशालराव अजून भिंतीकडेच पाहत होते. मला त्यांनी आजवर धड पाहिलंही नव्हतं. सूनबाई त्यांच्या कानाशी वाकली, "बाबा, ह्या मॅडम आपल्यातल्याच हायेत."

खुशालरावांनी माझ्याकडे वळून तोंड उघडलं. मी बोटानं गालातला घास काढला.