सलाईनच्या नळीवर मारलेली फुंकर

"सेप्टिसीमिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तात जंतू शिरलेत. माझी बायको सुमन खाटेचा कठडा धरून उभी राहिली. मी छताकडे बघत राहिलो. ते जंतू कुणी आत सोडले, हे मला ठाऊक होतं.

तेव्हा मी पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला फिटर होतो. जुलाब-उलट्यांनी आडवा झालो म्हणून दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. त्या काळची काचेची बाटली, रबरी नळी, शिरेत सुई. दोन दिवसांत उठून बसलो आणि वॉर्डाला कंपनीतले किस्से सांगू लागलो.

तिसऱ्या दुपारी सलाईनचा थेंब पडेना. सिस्टरना हाक मारायची, तर मी फिटर कसला? पट्टी सोडली, नळी सुईपासून उपसली, बनियनला पुसली, फुंकर मारली, परत दाबून बसवली. थेंब सुरू! "बघा राव, नोझल असंच साफ करतात," असं शेजारच्या खाटेला ऐकवलंसुद्धा.

संध्याकाळी अशी हुडहुडी भरली की लोखंडी खाट वाजायला लागली. मलेरियासाठी रक्त तपासलं, काही निघालं नाही. ताप उतरेना. सुईभोवती हात लाल, कडक. मग डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला आणि सुटलेली पट्टी बघून वॉर्डाच्या कदम सिस्टरकडे वळून विचारलं, "हा जोड कुणी उघडला?"

कदम सिस्टर प्रत्येक खाटेपाशी येण्याआधी जंतुनाशक कार्बोलिक साबणाने कोपरापर्यंत हात धुवायच्या. आम्ही हसायचो. त्यांचा चेहरा पडला, तेव्हा माझ्याच्याने गप्प राहवलं नाही. "मीच," म्हणालो.

"भाऊ," कदम सिस्टर म्हणाल्या, "परवा तुम्हीच सांगत होता ना? माप तपासायच्या पोलादी तुकड्यांना उघडं बोट लावलेलं चालत नाही, घामानं गंजतात म्हणून?"

"हो."

"पोलादाची एवढी काळजी, आणि स्वतःच्या रक्तात थुंकी?"

सुमन हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

ती सुई काढली, दुसऱ्या हाताला नवी लावली, अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी इंजेक्शनं, सुरू झाली. आठवड्याने ताप उतरला. तुमच्यावर वेळ आली तर एवढंच करा: नळीला हात लावू नका, सुईपाशी दुखलं किंवा थंडी वाजली तर लगेच सांगा. लाजू नका. जोड मीच उघडला, हे सांगायला मी लाजलो होतो.

तो कार्बोलिक साबणाचा वास अजून आठवतो. गेल्या वर्षी सुमनला सलाईन लावलं होतं, तेही असंच अडलं. माझी बोटं शिवशिवली. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि ओरडलो, "सिस्टर!"

"अहो, हळू," सुमन म्हणाली, "वॉर्ड घाबरेल."

पण माझे हात तिने बघितले होते.