वाया न गेलेलं पाणी

आमच्या गावात गोड पाण्याची एकच विहीर होती, आणि ती माझ्या चुलत्यांच्या शेतात होती. बाकी सगळ्या बोअरना क्षारांचं पाणी. त्यात डाळ शिजायची नाही. काकांनी कधी कुणाला अडवलं नाही. विहिरीत कासव होतं, काठच्या बाभळीवर सुगरणींचे खोपे लोंबायचे. मे महिन्यात तळ दिसू लागला की बायका वाटीवाटीनं घागरी भरायच्या.

मग पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे दिवस आले. विकासाच्या निधीचं लग्नातल्या बँडसारखं असतं, एका साली सगळीकडं एकच गाणं. आधी हातपंपांचं वाजून गेलं होतं. एका संस्थेनं काकांच्या बांधालगतच्या बोअरवर यंत्र बसवलं, फीत कापली, पेढे वाटले. यंत्र हंडाभर गोड पाणी द्यायचं आणि त्याहून जास्त खारं बाहेर टाकायचं. ते टाकाऊ पाणी कुठं सोडायचं, यासाठी मात्र त्यांच्याकडं पैसा नव्हता.

आमच्याकडं वाहून जाणारं पाणी कुणाला बघवत नाही. सगळं गाव हळहळलं. काका म्हणाले, "पानी हाय ते. असं मातीत घालायचं का? माझ्या हिरीत सोडा." त्यांनी स्वतः चर खणून पाइप पुरला. गावानं वाहवा केली. संस्थेच्या इंजिनिअरनंही मान डोलावली, त्याचा मला अजून संताप येतो.

दोन उन्हाळ्यांत विहीर मचूळ झाली. कासव मेलं. पुढं यंत्राची गाळणारी जाळी चोंदली. फोन केला तर उत्तर मिळालं, नव्या यंत्राला निधी आहे, दुरुस्तीला नाही. यंत्राला कुलूप लागलं आणि गाव पाण्याचे जार विकत घेऊ लागलं.

यंदा गाणं बदललं. आता जुन्या विहिरी जगवायच्या, बेडूक-मासे-पाखरं वाचवायची, असा निधी आलाय म्हणे. दोन साहेब आले. काकांनी धुतलेली टोपी घालून त्यांना विहीर दाखवली. खारं पाणी उपसून, गाळ काढून, पावसाचं पाणी आत घेत राहिलं तर ही हळूहळू गोड होईल, असं त्यातले एक साहेबच म्हणाले. काकांचा चेहरा कित्येक वर्षांनी उजळलेला मी पाहिला.

तेवढ्यात दुसऱ्या साहेबांनी विचारलं, "शेत कुणाच्या नावावर?"

"माझ्याच," काका म्हणाले.

मग जमणार नाही, निधी फक्त सार्वजनिक विहिरींना आहे, असं त्यांनी सांगितलं.

मी भडकलो. "अख्खं गाव पीत होतं, तेव्हा खाजगी नव्हती का?"

"नियम वरून येतात," साहेब म्हणाले.

काकांनी मला गप्प बसवलं आणि त्यांना जारच्या पाण्याचा चहा पाजला. गाडी गेल्यावर काकांनी विहिरीत डोकावून पाहिलं. मग म्हणाले, "ही हीर माझी हाय, असं म्या कधी म्हनलं न्हाय. खारी झाली, तवा सगळ्यांनी ती माझी करून टाकली."