धुळाप्पांची ऑसी

धुळाप्पा बंडगरांना मी खरं म्हणजे फारसं ओळखत नव्हतो. जुळे सोलापुरातल्या आमच्या अपार्टमेंटच्या फाटकाजवळ एक बाकडं आहे, तिथं आम्ही दोघं सकाळी बसायचो, एवढंच. गाव सांगोल्याकडचं, नोकरी रेल्वेत, होटगीला रुळांच्या कामावर. बायको गेलेली. एकुलती एक मुलगी, पूनम, ऑस्ट्रेलियात नर्स. यापलीकडे विचारायचं मला कधी सुचलं नाही. मला लिहायची सवयही नाही. पण त्यांची एक गोष्ट मला ठाऊक आहे, ती जमेल तशी सांगतो.

एका सोमवारी ते येऊन बसले. पेपर न उघडता तसाच बाजूला ठेवला. मग म्हणाले, "अण्णाराव, ऑसी म्हंजे काय हो?"

"क्रिकेटमधले ना? ऑस्ट्रेलियाचे."

"ते ठाव हाय. काल पूनमचा फोन आलता. तितलं नागरिकत्व मिळालं म्हणाली. वर हसत म्हणती, 'अप्पा, आता मी ऑसी झाले!' मी फोनच ठिवला."

"का हो?"

"पेपरात काय लिवत्यात? ऑसींची जिरवली, ऑसींना लोळवलं. आपण हितं बसून टाळ्या वाजवतो की. आता ती त्यातली झाली, तर माझी कोण ऱ्हायली?"

घरी गेल्यावर मी सुनेला, हेमावतीला, विचारलं. ती शाळेत इंग्रजी शिकवते.

"मामा, ते ऑस्ट्रेलियनचं घरगुती रूप आहे," ती म्हणाली. "ती माणसं स्वतःच स्वतःला लाडानं तसं म्हणतात. सरकारी कागदावर नाही लिहीत, पण बोलण्यात सर्रास. तिथल्या वस्तूला, खाण्यालाही ऑसी म्हणतात. आपण म्हटलं तरी त्यांना राग नसतो. चिडवायला म्हटलं तर मात्र लागणारच."

दुसऱ्या दिवशी मी हे सगळं अडखळत सांगितलं. धुळाप्पांनी ऐकलं आणि एकदम मांडीवर थाप मारली.

"म्हंजे धुळ्यासारखं!"

"कोण धुळ्या?"

"मीच की! आई मला धुळ्या म्हणायची, आन् होटगीचा मुकादमबी धुळ्याच म्हणायचा. आईनं हाक मारली की जेवायला पळायचो, मुकादमानं मारली की झाडामागं पळायचो."

"मग पूनमनं कसं म्हटलं? आईसारखं की मुकादमासारखं?"

त्यांनी पेपराची घडी घातली. "हसत म्हणाली ओ ती," एवढंच बोलले.

रविवारी बाकड्यावर असतानाच फोन वाजला. त्यांनी तो बराच वेळ वाजू दिला. मी उठायला लागलो, तर माझी बाही धरून बसवलं. मग फोन कानाला लावून मोठ्यानं म्हणाले, "काय गं ऑसे, जेवलीस का?"

पलीकडून हसू आणि रडू एकदमच आलं, मलाही ऐकू येण्याइतकं.

"अप्पा, परत म्हणा."

"ऑसे! भाकरी करतीस का इसरलीस?"

"करते की. मोडते पण."

"मोडू दे. दुधात कुस्करायचीच असती."

तेव्हापासून अपार्टमेंटमध्ये कुणी ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंना नावं ठेवली की ते म्हणायचे, "ओ, पोरीकडची माणसं हायत ती, जरा बेतानं."

गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. आदल्या संध्याकाळी जिन्यात भेटले होते. दुसऱ्या दिवशी भारत-ऑस्ट्रेलिया सामना होता.

"माझ्याकडं या बघायला," ते म्हणाले.

"तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

"इंडियाच्या की! पण ऑसींना शिवी घातली तर टीव्ही बंद करीन. टीव्ही माझा हाय."

"बरं. मी शेंगा आणतो."

"भाजून आणा," ते म्हणाले.