मामाची बिनचूक तयारी

आजवर पृथ्वीच्या पाठीवर माणसांनी जेवढ्या म्हणून तयाऱ्या केल्या, त्या सगळ्या तराजूच्या एका पारड्यात टाकाव्यात आणि दुसऱ्यात माझ्या मामाची नुसती भाजी आणायला जाण्याची तयारी ठेवावी. मामाचं पारडं धाडकन जमिनीला टेकेल. मंडईत कोथिंबीर कुठल्या गाळ्यावर घ्यायची, तो गाळा बंद असला तर कुठल्या, आणि तोही बंद असला तर कोथिंबिरीवाचून कुठला स्वयंपाक करायचा, हे सगळं घरून ठरवून निघणारा हा माणूस. अर्थात तो निघेपर्यंत मंडई उठलेली असते, हा भाग वेगळा.

मामा आयुष्यभर एका कंत्राटदाराकडे सुरुंग लावायचं काम करत होता. विहिरी, रस्ते, दगडखाणी, जिथे म्हणून खडक आडवा यायचा तिथे मामाला बोलावणं जायचं. भोकं पाडायची, दारू भरायची, तारा जोडायच्या, लाल झेंडा लावायचा, शिट्टी मारून माणसं-गुरं लांब पाठवायची आणि मग बटण दाबायचं. त्याच्या हातून कधी काही वावगं झालं नाही, आणि इथवर सगळं कौतुकाचंच आहे. पंचाईत अशी की मामा निवृत्त होऊन कात्रजच्या फ्लॅटमध्ये राहायला आला, पण शिट्टी काही त्याने कंत्राटदाराला परत केली नाही. मामीच्या स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीआधी मामाची शिट्टी होते आणि ती झाल्याशिवाय कुणी ओट्याजवळ उभं राहायचं नाही. गेल्या दिवाळीत सोसायटीतली पोरं फुलबाज्या लावत होती, तर मामाने पार्किंगला दोरी बांधून सगळ्यांना दोरीबाहेर उभं केलं. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापकांना राहवेना. ते म्हणाले, "अहो, फुलबाजी आहे ती." मामा म्हणाला, "ते आपल्याला माहीत आहे. फुलबाजीला माहीत आहे का?" प्राध्यापक मुकाट्याने दोरीबाहेर गेले.

स्वतःच्या लग्नातसुद्धा हार घालायची तालीम त्याने आदल्या दिवशी धाकट्या भावाला मुंडावळ्या बांधून केली होती म्हणे. मामी अजून म्हणते, "माझ्या गळ्यात हार घालताना यांचा चेहरा असा होता, जसं काही हे सगळं आधीच उरकून आलेत." आम्हा भाचरांना सर्पोद्यानात न्यायचं ठरलं, तेव्हा मामा आदल्या रविवारी एकटा जाऊन तिथल्या सगळ्या काचा बोटाने वाजवून आला. मग घरी त्याने सर्पदंशावर एवढं मोठं व्याख्यान दिलं की आम्ही पोरांनी एकमुखाने बागेत जाऊन भेळ खायचं ठरवलं.

असा बाप लाभलेल्या मुलीने निदान इतिहास तरी घ्यावा की नाही? पण माझी मामेबहीण मुक्ता हट्टाने बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला गेली. बारावीपर्यंत तिने बेडूक आणि पेशी यांच्यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. कॉम्प्युटरशी तिचा संबंध पिक्चर बघण्यापुरता. तरी पहिल्या यादीत नाव लागलं त्या दिवशी बाईसाहेबांनी मला अशी मिठी मारली की माझा चष्मा वाकडा झाला. मी हिंजवडीला प्रोग्राम लिहिण्याची नोकरी करते, त्यामुळे सुट्टीत तिने मला फोन केला, "ताई, कॉलेज सुरू व्हायच्या आधी थोडी तयारी करावी म्हणते. काय करू?" मी म्हटलं, "काही विशेष नाही गं. बारके बारके प्रोग्राम लिहायचे आणि चालवून बघायचे. चुकतील, मग दुरुस्त करायचे. मजा येते." फोन स्पीकरवर होता आणि शेजारी मामा बसला होता. माझ्या एवढ्या बोलण्यातून त्याच्या कानात शिरला तो एकच शब्द, आणि तोही मुक्ताने उच्चारलेला: तयारी.

मग काय विचारता! लॅपटॉप घरात आला तो शालीत गुंडाळून थेट कपाटात गेला. तो अभ्यास पुरा झाल्यावरच उघडायचा, असा हुकूम निघाला. तोवर बोटांना सवय व्हावी म्हणून मामाने बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला, अक्षरं ऑइलपेंटने रंगवून. पोर बिचारी रोज सकाळी त्या पुठ्ठ्यावर टकटक करायची आणि मामा शेजारी बसून तिने काय टाइप केलं असेल ते ओळखायचा. आप्पा बळवंत चौकातून पुस्तकं आली, मामाने ती आधी स्वतः वाचली. मुक्ताने प्रोग्राम लिहायचा तो कागदावर, आणि तो दोन इन्स्पेक्टरांकडून तपासून घ्यायचा. पहिला इन्स्पेक्टर मामा. दुसरा, म्हणजे वरचा साहेब, तोही मामाच, फक्त सोनेरी काड्यांचा चष्मा लावून. या दोघांचं आपसात फारसं पटत नसे. "आमच्याकडून पास झाला होता गं, पण साहेबांनी परत पाठवला," असं मामा खिन्न होऊन सांगायचा. त्या वेळी सोनेरी चष्मा त्याच्याच खिशात असायचा.

अधूनमधून शंका विचारायला मला मामाचा फोन यायचा. "एरर आली म्हणजे नक्की काय होतं? काही जळतं का?"

"नाही रे मामा. लाल अक्षरात लिहून येतं, अमुक ओळीत चूक आहे म्हणून."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"मग लोक काळजी कशाला घेतील?" मामा हबकून म्हणाला. मी त्याला समजावलं की आम्ही ऑफिसात दिवसभर चुकाच करतो आणि त्या निस्तरण्याचाच पगार घेतो. त्यावर त्याने फोन ठेवला आणि लगेच माझ्या आईला लावला. "ताई, तुझ्या पोरीच्या नोकरीचं काही खरं दिसत नाही."

कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी मी कात्रजला गेले. आज कपाट उघडणार होतं. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता, टेबल भिंतीपासून लांब ओढलं होतं आणि मुक्ताच्या प्रोग्रामच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'तपासले' असा शेरा मारून खाली दोन सह्या ठोकल्या होत्या, दोन वेगळ्या शाईंत. मला हसू आवरेना. पाणी प्यायला म्हणून आत गेले, तर मुक्ता ओट्याला टेकून उभी, डोळे लाल.

"ताई, मी उद्या जाऊन प्रवेश रद्द करणार आहे. उद्यापर्यंतच करता येतो."

"अगं, वेडी का तू? काय झालं?"

"माझ्याकडून चूक होणार. पहिल्याच दिवशी, सगळ्या वर्गासमोर. बाबांनी एकदासुद्धा बटण दाबू दिलं नाहीये. आता तो लॅपटॉप नुसता बघायलाही नको वाटतो. मी बीकॉमला जाते."

बीकॉम हा शब्द उच्चारताना तिला हुंदका फुटला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तरातरा बाहेर गेले आणि म्हटलं, "मामा, दोन महिने तू पोरीला कॉम्प्युटर नाही शिकवलास, घाबरायला शिकवलंस. उद्या ती नाव काढून घेते आहे. झाली तयारी?"

मामा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने माझ्यामागून बाहेर आलेल्या मुक्ताकडे बघितलं. "खरं का गं?" तिने मान हलवली. त्याने कपाट उघडलं, शाल सोडली, लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. मुक्ताने कागदावरचा प्रोग्राम बघून बघून उतरवला. तीन विषयांच्या मार्कांची सरासरी काढायची, एवढंच होतं त्यात. शेवटची ओळ झाली. सवयीने मामाचा हात शिट्टीकडे गेला. मामीने नुसतं बघितलं तसा तो खाली आला. "दाब," मी म्हटलं.

मुक्ताने बटण दाबलं आणि त्याच क्षणी मामा झेपावून तिच्यासमोर आला, पंजा तिच्या तोंडावर आडवा धरून. पडद्यावर लाल अक्षरं उमटली होती. बाकी काही म्हणजे काही झालं नाही. पंखा फिरत होता. मामाने हळूच हात काढला, चष्मा लावला आणि वाचलं. चौथ्या ओळीत कंस बंद करायचा राहिला होता.

"बाबा," मुक्ता म्हणाली, "दोन्ही इन्स्पेक्टर नापास." आणि ती हसायला लागली. अशी हसली की मामीलाही राहवेना. कंस घालून तिने पुन्हा बटण दाबलं, दुसरी चूक आली. ती सुधारली, तिसरी आली. आता तिला आमची कुणाचीच गरज नव्हती. प्रवेश रद्द करायचं नावसुद्धा तिने पुन्हा काढलं नाही.

मी चहाचे कप घेऊन गॅलरीत गेले. मामा तिथे कठड्याला धरून उभा होता. मला बघून म्हणाला, "चुकलं तरी परत करून बघता येतं? कितीही वेळा?"

"कितीही वेळा, मामा."

"कामावर माझा एक जोडीदार होता, गणपत. माझ्यापेक्षा हुशार. एकदा बार उडाला नाही, म्हणून लगेच बघायला गेला. थांबायचं असतं रे, म्हणून मी मागून ओरडलो." मामाने चहाचा कप तसाच कठड्यावर ठेवला. "एवढीच चूक त्याची. जरा घाई केली."

इतकी वर्षं आम्ही या माणसाला हसत होतो, आणि खरं सांगते, पुढेही हसणार आहोत, कारण तो आहेच तसा. पण त्या वेळी मी नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, परत चुकलं!" मुक्ता आतून आनंदाने ओरडली.

मामाने बाहीने डोळे पुसले आणि आत डोकावून विचारलं,

"बोटं सगळी जागेवर आहेत ना?"

"आहेत की!"

"मग चुकू दे," मामा म्हणाला.